गार वारं येईना म्हणजे गॅस गेला असं नव्हे

वडगावहून एका गृहस्थांनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं. दीड टनाचा स्प्लिट इन्व्हर्टर एसी, चार वर्षांचा. खोली माडीवरची, डोक्यावर स्लॅब. शेजारी दोन घरांत माग चालतात. गेल्या मे महिन्यात गार येईना झालं तेव्हा मेकॅनिकने गॅस गेला म्हणून गॅस भरला. यंदा एप्रिल संपतासंपता परत तेच. वारं जोरात येतंय, गारवा नाही. तोच मेकॅनिक परत गॅस भरू म्हणतोय. भरावा का, की एसीच बदलावा?

दोन्ही नको. निदान इतक्यात नको. सगळं आधी नीट धुऊन घ्या आणि मग मोजा. धुतल्याशिवाय कुणाला गेज, म्हणजे गॅसचा दाब दाखवणारं घड्याळ, लावू देऊ नका. एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी या पत्रातलं बरंचसं हाती लागेल. पण असं का म्हणतो ते समजलं तर पुढच्या वेळी तुम्हीच मेकॅनिकला चार प्रश्न विचाराल, म्हणून सविस्तर लिहितो.

मी बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात चोवीस वर्षं एसी आणि फ्रिजचं काम करतोय. सुरुवात केली तेव्हा एसी म्हणजे बँका, डॉक्टरांच्या केबिन आणि कॅम्पातले थोडे बंगले. बेळगाव थंड हवेचं गाव, मे महिन्यातसुद्धा पहाटे अंगावर चादर घ्यावी लागायची. आता शहापूर, अनगोळ, वडगावच्या गल्ल्यांतून माडीवरच्या खोल्यांना एसी लागलेत. त्यातले बरेच हप्त्यावर घेतलेले, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ आहे म्हणून घेतलेले. अशा घरातून दर उन्हाळ्याला गॅसचे पैसे निघतात आणि बिघाड जागेवरच राहतो, याचं मला फार वाईट वाटतं.

गॅसचं आधी समजून घ्या. एसीतला गॅस हा गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत गोल फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये, म्हणजे पातळ पत्रे बसवलेल्या वळणाच्या नळीत, तो आपली उष्णता टाकून पातळ होतो, आतल्या कॉइलमध्ये येऊन उकळतो आणि उकळताना खोलीची उष्णता उचलतो. परत कॉम्प्रेसरकडे. कारखान्यात जेवढा ग्रॅम भरला तेवढाच दहा-बारा वर्षांनीही आत असायला पाहिजे. कमी झालाय याचा अर्थ कुठेतरी गळतोय. गळती न शोधता वरून गॅस सोडणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. मला तुम्हाला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. गेल्या वर्षी गॅस भरल्यावर किती दिवस चांगलं गार आलं? आणि त्याच दिवशी मेकॅनिकने आउटडोअर (बाहेरचं युनिट) आणि इनडोअर (खोलीतलं युनिट) धुतलं होतं का?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. बहुतेक ठिकाणी 'सर्व्हिसिंग आणि गॅस' हे एकाच फेरीत होतं. पंपाने दोन्ही युनिट धुतली, मग थोडा गॅस सोडला, एसी गार पडला. घरच्यांना वाटतं गॅसने गार पडला. खरं तर धुतल्याने पडलेला असतो. वर्षभरात परत कचरा बसतो, परत गारवा जातो आणि परत गॅसवरच बोट. तुमच्या शेजारी माग चालतात हे तुम्ही प्रश्नात ओघात लिहिलंत, पण माझं लक्ष तिथेच अडकलं.

चार-पाच वर्षांमागे वडगावातल्याच एका घरी गेलो होतो. तीच तक्रार, वारं आहे पण गारवा नाही. आउटडोअर मागच्या बोळात, समोर तीन हातांवर दुसऱ्या घराची खिडकी आणि खिडकीच्या आत दोन पॉवरलूम. युनिटच्या मागे हात घातला तर कॉइल हाताला लागेचना. हाताला लागलं ते कापड. सुताची बारीक लव पंख्याने वर्षभर आत ओढून कॉइलवर बसवलेली, त्यावर पावसाळ्यात ओल येऊन गेलेली आणि उन्हाळ्यात ती वाळून घट्ट झालेली. कडेला नख लावून ओढलं तर गोधडीसारखा सगळा थर एका तुकड्यात निघून आला. आतल्या बाजूला कॉइलच्या पत्र्यांच्या रेघा उमटलेल्या. तो थर काढून, ब्रश मारून, साध्या पाइपने पाणी सोडलं. अर्ध्या तासात खोली गार. गॅसची बाटली गाडीतून उतरवलीसुद्धा नाही. त्या घरात त्याआधी दोन वर्षांत दोनदा गॅस भरलेला होता.

घरातल्या आजी मागाकडे बघत म्हणाल्या, "माग बंद करा म्हणून सांगू नकोस बाबा, त्यावरच समद्यांचं पोट आहे." मी तसं सांगणारही नव्हतो. आउटडोअर गच्चीवर हलवला आणि दर महिन्याला मऊ ब्रश फिरवायला शिकवलं. तेव्हापासून त्या एसीला गॅस लागलेला नाही.

आउटडोअरवर कचरा बसला की नेमकं काय होतं? आत उचललेली उष्णता बाहेर टाकायला वाट राहत नाही. दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापतो. साध्या, म्हणजे एकाच वेगाने चालणाऱ्या एसीत मग कॉम्प्रेसर ओव्हरलोडवर ट्रिप होतो, दहा-पंधरा मिनिटांनी थंड होऊन परत चालू होतो, परत ट्रिप. इन्व्हर्टर एसी जास्त शहाणा. त्याचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड कॉम्प्रेसर जळू नये म्हणून आपणच वेग कमी करतो. मग एसी बंद पडत नाही, बिघाडाचा कोड दाखवत नाही, वारं येत राहतं, फक्त गारवा उतरतो. तुम्ही लिहिलंत ते हुबेहूब हेच आहे. शिवाय संध्याकाळी ऊन उतरल्यावर तोच एसी थोडा बरा चालतो. तुमचा तसा चालतोय का बघा. दुपारी वाईट आणि रात्री बरा असेल तर संशय आउटडोअरवर.

उलट आतलं फिल्टर किंवा कॉइल तुंबलं तर काय होतं हे मेकॅनिक लोकांनीही मन लावून वाचावं. आतल्या कॉइलवरून वारं कमी गेलं की गॅस नीट उकळत नाही आणि परतीचा दाब, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब, खाली येतो. गेजवर काटा खाली दिसतो. बघणाऱ्याला वाटतं गॅस कमी आहे. तो गॅस सोडतो, काटा वर येतो, समाधान होतं. पुढे कुणीतरी फिल्टर धुतो आणि तेव्हा गॅस गरजेपेक्षा जास्त झालेला असतो. मे महिन्यात बाहेर ३७-३८ अंश झाले की दाब चढतो आणि एसी अजूनच नडतो. चांगल्या एसीला गॅस भरून आजारी केलेलं मी स्वतः कितीतरी वेळा बघितलंय. म्हणून म्हणतो, आधी धुवा, मग गेज.

आता तुम्ही घरी काय करायचं ते सांगतो. अवघड काही नाही.

रिमोट बघा. हे सांगताना संकोच वाटतो, पण दर उन्हाळ्यात पाच-सहा घरी फक्त रिमोटचं बटण दाबून परत येतो. बर्फाच्या फुलाचं चिन्ह म्हणजे गार करणं. पंख्याचं चिन्ह असेल तर नुसतं वारं येणार. थेंबाचं चिन्ह म्हणजे ड्राय, त्यात कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालतो. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींना चालू करताना आपोआप २४ अंश लागलेले असतात, तो बिघाड नाही. खोली २५ अंशांवर असेल आणि सेटिंग २४ असेल तर इन्व्हर्टर हळूच चालणार, त्यातही बिघाड काही नाही.

मग फिल्टर. पुढचं झाकण उचला, दोन जाळ्या सरकवून काढा, नळाखाली उलट्या बाजूने पाणी सोडा, सावलीत वाळवा. गावात इतरत्र पंधरा दिवसांनी चालतं, तुमच्याकडे मागांजवळ दर रविवारी धुवा. फिल्टर काढलेलाच आहे तर आत बॅटरी मारून कॉइल बघा. पत्र्यांच्या फटी स्वच्छ दिसल्या पाहिजेत. खाली गोल फिरणारा ब्लोअर असतो, त्याच्या पात्यांवर काळा मऊ थर बसलेला असेल तर वारं आवाज करून येतं पण मात्रेने कमी येतं. ब्लोअर धुणं मेकॅनिकचं काम.

आता मोजणी. दोन-अडीचशे रुपयांत छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो घ्या. ताप मोजायचा नव्हे, खोलीचा. दारं-खिडक्या लावा, एसी कूलवर, १८ अंश, पंखा पूर्ण. इन्व्हर्टरला १८ मुद्दाम सांगतोय, नाहीतर कॉम्प्रेसर पूर्ण जोराने चालत नाही आणि मोजणी फसते. वीस मिनिटं थांबा. एसी वरून जी हवा आत ओढतो तिथलं तापमान लिहा, मग पट्ट्यांतून बाहेर पडणाऱ्या हवेचं लिहा. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक पाहिजे. आत २८ आणि तोंडाशी १७-१८ असेल तर एसी ठणठणीत आहे, खोलीच जास्त तापतेय. फरक चार-पाचच असेल तर एसीत दुखणं आहे. वळिवाचा पाऊस पडून गेल्यावर हवा दमट असते, तेव्हा एसीचा बराच जोर पाणी काढण्यात जातो आणि फरक अंश-दोन अंशांनी कमी दिसतो. अशा दिवशी बाहेर ड्रेनच्या पाइपातून पाणी टपकतंय का ते बघा. दमट हवेत तासभर चालूनही एक थेंब पडत नसेल तर आतली कॉइल गार होतच नाहीये, किंवा ड्रेन तुंबलाय. तुंबला असेल तर पाणी खोलीत भिंतीवरून उतरतं.

बर्फ कुठे धरतोय हे सगळ्यात बोलकं लक्षण. बाहेरच्या युनिटला दोन तांब्याच्या नळ्या जोडलेल्या असतात, एक जाड, एक बारीक. एसी नीट चालत असेल तर जाड नळी हाताला गार लागते आणि तिला घाम सुटलेला असतो, माठासारखा. जाड नळीवर, आतल्या अख्ख्या कॉइलवर पांढरा बर्फ चढलाय म्हणजे बहुतेक वेळा वारं कमी पडतंय, फिल्टर-ब्लोअर बघा. फक्त बारीक नळीच्या जोडापाशी बर्फ आहे आणि जाड नळी कोरडी, कोमट आहे, तेव्हा मात्र गॅस कमी असण्याची शक्यता खरी. बर्फ दिसला तर टोकरू नका. एसी पंख्यावर टाकून तासभर वितळू द्या. सुरीने बर्फ काढताना कॉइलला भोक पडून चांगला एसी भंगारात गेलेला मी बघितलाय.

बाहेरच्या युनिटपाशी जाताना एमसीबी, म्हणजे एसीच्या लाइनीची वीज तोडणारा खटका, पाडा आणि दहा मिनिटं थांबा. इन्व्हर्टरच्या बोर्डावर वीज गेल्यावरही काही वेळ करंट राहतो. युनिट गच्चीवर किंवा हात पोचेल असं असेल तर मागच्या बाजूची लव मऊ ब्रशने वरून खाली काढा. आडवा ब्रश मारू नका, पत्रे वाकतात आणि वाकलेल्या पत्र्यातून वारं जात नाही. मग साध्या पाइपने हलक्या धारेने पाणी. जेट पंप जवळून मारला तर पत्रे झोपतात. वरच्या झाकणाखाली वायरिंग असतं, तिकडे पाणी जाऊ देऊ नका. आणि युनिट माडीबाहेर भिंतीला टांगलेलं असेल तर कृपा करून स्वतः चढू नका. खिडकीच्या छज्जावर उभं राहून एसी धुण्यात माणूस गमवायचा नाही. त्याला पट्टा बांधून काम करणारा मेकॅनिक बोलवा.

लव वडगाव-खासबागची, पण प्रत्येक भागाचा कचरा निराळा. निपाणीत तंबाखूच्या वखारीजवळच्या घरांत कॉइलवर तपकिरी, चिकट भुकटी बसते. नुसत्या पाण्याने जात नाही, कॉइल क्लीनर लागतो आणि धुताना खाली चहासारखं पाणी येतं. उद्यमबागेत फाउंड्रीची काळी धूळ. संकेश्वरकडे साखर कारखाना चालू असताना चिमणीतून बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची राख उडते आणि गळीत हंगाम संपेपर्यंत आउटडोअर राखाडी होऊन जातो. ऊस उतरला की उन्हाळा तोंडावर, म्हणून तिकडच्यांना मी मार्चमध्येच सर्व्हिसिंग करून घ्या म्हणतो. काही जण आउटडोअरवर मच्छरदाणीची जाळी बांधतात. युनिटला चिकटून बांधलेली जाळी आठवड्यात तुंबते आणि श्वासच कोंडते. बांधायचीच असेल तर हातभर अंतरावर चौकट करून, मोठी बांधा आणि दर आठवड्याला झटका.

जागेचंही तसंच. आमच्या गल्ल्यांत बोळ चार-पाच फुटांचे. दोन घरांचे आउटडोअर समोरासमोर लागले की एकाने फेकलेली गरम हवा दुसरा ओढतो. दुपारी अशा बोळात उभं राहिलं तर भट्टीजवळ उभं राहिल्यासारखं वाटतं. मागे निदान फूटभर आणि पुढे चार-पाच फूट मोकळं पाहिजे. पावसापासून जपायला म्हणून पुढेपर्यंत पत्रा आणतात, तोही गरम हवा परत आत लोटतो. युनिट पावसात भिजायलाच बनवलेलं असतं, त्याला छत्री लागत नाही.

विजेचं थोडं लिहितो. एसी चालू असताना आणि बंद असताना प्लगवर व्होल्टेज मोजून घ्या. बंद असताना २२५ आणि चालू झाल्यावर २०५, एवढा फरक असेल तर तुमच्या घरातलीच वायर बारीक आहे किंवा कुठेतरी जोड सैल आहे. जुन्या घरांत दिव्या-पंख्याच्या लाइनीवरच एसी टाकलेले मी बघितलेत, हे धोक्याचं आहे. दीड टनाला मीटरपासून वेगळी लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग पाहिजे. प्लग काढून पिना बघा. एखादी काळी पडलेली असेल, सॉकेट तपकिरी झालं असेल तर आजच बदला, एसीचं नंतर बघू. बंद असतानाही व्होल्टेज २०० च्या खाली असेल तर ती बाहेरच्या लाइनीची बाब, १९१२ वर तक्रार नोंदवून नंबर लिहून घ्या. वळीव आणि विजा सुरू झाल्या की एमसीबी पाडायची सवय लावा. आमच्याकडे मे महिन्यात जळालेले बोर्ड बहुतेक अशाच संध्याकाळचे असतात.

ज्यांचा एसी इन्व्हर्टर नाही त्यांच्यासाठी कपॅसिटर. डब्यासारखा भाग, कॉम्प्रेसर आणि पंख्याला सुरुवातीचा धक्का देतो. तो म्हातारा झाला की बाहेर नुसतं 'हूंऽऽ' असा आवाज येतो आणि टक् करून बंद होतं, किंवा कॉम्प्रेसर चालतो पण पंखा फिरत नाही. त्याच्यावर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो, मेकॅनिकने मीटर लावून तो मोजून दाखवावा. डोकं फुगलेलं असेल तर मोजायचीही गरज नाही. कपॅसिटर शेकड्यात येतो, गॅस हजारात. हा फरक ज्याला ठाऊक आहे तो ग्राहक फसत नाही. पण स्वतः हात लावू नका, वीज बंद केल्यावरही तो झटका देतो.

इतर किरकोळ कारणंही असतात. आतल्या कॉइलजवळचा खोलीचा सेन्सर क्लिपमधून निसटून कॉइलला टेकला तर एसीला वाटतं खोली गार झाली, आणि कॉम्प्रेसर लवकर थांबतो. आउटडोअरच्या बोर्डावर पाल मरून पडते आणि दोन टोकं जोडली जातात. उंदीर वायर कुरतडतात. असं असलं की इनडोअरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो किंवा आकडा येतो. तो मोजून लिहून ठेवा, फोटो काढा. मेकॅनिकचा अर्धा तास वाचतो.

आणि खरोखर गॅस गेला असेल तर? जातो, नाही असं नाही. चार वर्षांत गळती होऊ शकते. तेव्हा काम कसं झालं पाहिजे ते सांगतो, तुम्ही शेजारी उभे राहून बघा.

गॅसबरोबर थोडं तेलही फिरत असतं. त्यामुळे जिथे गळतं तिथे तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. पहिल्यांदा बघायची जागा म्हणजे आउटडोअरच्या वॉल्व्हवरचे पितळी नट आणि इनडोअरच्या मागचे जोड. साबणाचा दाट फेस लावला की बुडबुडे फुगतात. तिथे नाही सापडलं तर नायट्रोजन भरून, दाब लावून ठेवायचा आणि काटा उतरतो का बघायचं. नायट्रोजनच, ऑक्सिजन कधीही नाही. वेल्डिंगचा ऑक्सिजन तेलाला भेटला की स्फोट होतो. हाताशी आहे म्हणून कुणी ऑक्सिजनची बाटली लावायला लागला तर त्याला तिथेच थांबवा.

गटारीवर टांगलेल्या आउटडोअरच्या नळ्या काळ्या पडून बारीक भोकं पडलेली मी बघितलीत. गटारीच्या वासात गंधकाचा वायू असतो, तो तांब्याला खातो. तसं असेल तर जागाच बदला.

गळती बंद झाली की व्हॅक्यूम पंप लावून निदान वीस-पंचवीस मिनिटं आतली हवा आणि ओल ओढून काढायची, मग थोडा वेळ थांबून व्हॅक्यूम टिकतोय का बघायचं. त्यानंतर गॅस, आणि तो वजनाने. तुमच्या आउटडोअरच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि ग्रॅम छापलेले आहेत. बाटली काट्यावर ठेवायची आणि तेवढेच ग्रॅम सोडायचे. साध्या एसीत नुसत्या दाबावरून अंदाज येतो, चालू असताना परतीचा दाब आर-२२ या जुन्या एसींतल्या गॅसला साधारण ६० ते ७० पीएसआय (दाबाचं माप), नव्या एसींतल्या आर-४१०ए आणि आर-३२ ला ११० ते १४०. पण इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो आणि दाबही त्याच्याबरोबर हलतो. म्हणून इन्व्हर्टरला गेज बघून 'थोडा गॅस सोडतो' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. आर-४१०ए तर दोन गॅसचं मिश्रण, अर्धा गळलेला असेल तर उरलेला काढून पूर्ण नव्याने भरलेला बरा.

तुमचा चार वर्षांचा म्हणजे बहुतेक आर-३२ असणार. तो पेट घेऊ शकतो, मंद असला तरी. काही एसींत आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो, तो तर सहज पेटतो. गॅस आत असताना नळ्या जोडायची ज्योतीची टॉर्च लावून जोड करणं जिवावर बेतू शकतं. गॅस आधी काढून घ्यायचा, नायट्रोजन फिरवायचा, मगच टॉर्च. काम चालू असताना खिडक्या उघड्या, देवघरातला दिवा विझवलेला, उदबत्ती नाही. जुन्या आर-२२ च्या एसीत आर-३२ घालतो म्हणणारेही भेटतात. दाब दीडपटीच्या वर जातो, ते यंत्र त्यासाठी बनलेलं नसतं. १ जानेवारी २०२५ पासून भारतात आर-२२ वर चालणारे नवे एसी बनवायला बंदी आहे, पण जुन्यांच्या देखभालीसाठी तो गॅस अजून मिळतो, त्यामुळे असल्या उचापतीची गरजच नाही.

पैसे देण्याआधी वॉरंटीचं कार्ड बघा. इन्व्हर्टर एसींना कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी बरेचदा असते, काहींना बोर्डाची पाच. आमच्या सीमाभागात एक घोळ नेहमी होतो. निपाणी-चिकोडीकडची माणसं सणाच्या खरेदीला कोल्हापूरला जातात, एसी तिकडून घेतात, आणि बिघडल्यावर दुकानदाराला फोन करत बसतात. वॉरंटी कंपनीची असते, दुकानाची नव्हे. कंपनीच्या नंबरावर स्वतःच्या घराचा पिन कोड सांगून तक्रार नोंदवा, माणूस तुमच्या भागातला येतो. बिल महाराष्ट्रातलं आहे म्हणून कुणी टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं दोन उन्हाळ्यांत उडून जातात.

तुमच्या खोलीवर स्लॅब आहे, त्याचंही ऐका. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. दहा बाय पंधराच्या खोलीला दीड टन पुरतो, पण पश्चिमेची भिंत आणि वर उघडा स्लॅब असेल तर दुपारी त्याची दमछाक होते. गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग मारा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ताडपत्री किंवा बांबूची चीक सोडा. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, बाहेरचा येण्याआधी. चुन्याच्या एका हाताला गॅसच्या भरणीपेक्षा कमी खर्च येतो आणि घरच्यांना झोप लागते.

तेव्हा तुमच्या बाबतीत क्रम असा लावा. या रविवारी फिल्टर धुवा आणि थर्मामीटरने फरक मोजून कागदावर लिहा. मेकॅनिकला फोन करून फक्त सर्व्हिसिंगसाठी बोलवा, गॅस नको हे आधीच सांगा, आणि आउटडोअर मागून धुताना स्वतः उभे राहा, लवीचा थर किती निघतो ते डोळ्यांनी बघा. धुऊन तासभर एसी चालू द्या आणि परत मोजा. फरक नऊ-दहा आला तर गॅसचा विषय तिथेच मिटला. तरीही चार-पाचच राहिला, बारीक नळीवर बर्फ आणि जाड नळी कोमट असेल, तर मग त्याला विचारा: गेल्या वर्षी भरलेला गॅस कुठून गेला ते आधी दाखव, नायट्रोजन आणि वजनकाटा आणला आहेस का? आणला नसेल तर तो घेऊन दुसऱ्या दिवशी येऊ दे. एक रात्र पंख्यावर काढा.